ज्येष्ठेने नेसलेली शाळेची साडी

मी मदतीला उभा राहिलो की आमच्या घरात सगळे सावध होतात. ही ख्याती मला कोणी फुकट दिलेली नाही, बऱ्याच वर्षांच्या मेहनतीने कमावली आहे. तरी मागच्या भाद्रपदात महालक्ष्म्यांसाठी मी ऑफिसात रजा टाकली, कारण बायकोकडे बघवत नव्हतं.

आमचं घराणं मूळचं वऱ्हाडातलं, आजोबांपासून रायपुरात, बूढापाऱ्याच्या गल्लीत. महालक्ष्म्या मात्र अजून तिकडच्याच पद्धतीने बसवतो. बसवतो म्हणायचं, पण त्या उभ्या असतात. पत्र्याच्या दोन कोठ्या, त्यांना साड्या नेसवायच्या, वर पितळी मुखवटे ठेवायचे. एक ज्येष्ठा, एक कनिष्ठा. पहिल्या संध्याकाळी येतात, दुसऱ्या दिवशी जेवतात, तिसऱ्या दिवशी जातात. आणि एकदा मुखवटा चढला की विसर्जनापर्यंत त्यांच्या अंगावरची टाचणीसुद्धा हलवायची नाही, हा आईचा नियम. त्याआधी तो तिच्या सासूचा होता.

त्या वर्षी सगळंच एका वेळी अंगावर आलं. कामवाली तीज्याला, म्हणजे इकडच्या हरतालिकेला, माहेरी गेली होती, आणि छत्तीसगढात तीज्याला गेलेली बाई परत कधी येईल हे तिच्या भावालाही सांगता येत नाही. आईचे गुडघे संपावर होते. बायको चौबे कॉलनीतल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. नोकरी कच्ची. नेमकं पूजेच्याच दिवशी सकाळी शाळेची समिती तिच्या वर्गात येऊन बसणार होती. पाठ चांगला उतरला तर नोकरी पक्की, नाही तर पुन्हा वर्षभर "देखते हैं". इकडे महालक्ष्म्यांची सुट्टी नसते. तिने अर्ध्या दिवसाची मागितली, तीही समितीनंतरची.

तर आदल्या संध्याकाळी ती शाळेतून आली, ती थेट ओट्यापाशी. महालक्ष्म्यांच्या डोक्यावर फुलोरा टांगायचा असतो, त्याच्या करंज्या, पापड्या तळायच्या होत्या. दोन घाण्यांच्या मधल्या वेळात ती जमिनीवर बसून उद्याच्या पाठाचा तक्ता रंगवत होती. प्रकाशाचं परावर्तन. आरशावर पडणारा बाण तिने काढला आणि परत फिरणाऱ्या बाणावर मैद्याचा अंगठा उमटला. तिने तो खोडरबराने पुसायचा प्रयत्न केला, मग तशीच बसून राहिली, खोडरबर हातात धरून.

मी म्हणालो, साड्या मी नेसवतो. एरवी ती नाही म्हणाली असती. त्या दिवशी मान हलवून म्हणाली, "पंडरीची पिशवी पलंगावर आहे." यावरून ती किती दमली होती ते समजा.

पंडरी म्हणजे आमचा कापडबाजार. पिशवीत तीन साड्या निघाल्या. दोन अगदी सारख्या, लालभडक, अंगभर टिकल्यांच्या. तिसरी मोरपंखी, नारिंगी काठाची, शांत, सभ्य. मी विचार केला, आणि माझं नेहमी इथेच बिघडतं. दोघी बहिणींना एकसारख्या साड्या नेसवल्या तर युनिफॉर्म घातल्यासारखं दिसेल. धाकटीला लाल ठीक आहे, थोरलीला जरा पोक्त रंग शोभेल. दारातून मुलगी म्हणाली, "पापा, ये वाली मत लो ना." ही पोट्टी मराठी सगळं समजते आणि उत्तर हिंदीत देते. देवाच्या कामात मध्ये टोकू नये, असं मी तिला शुद्ध मराठीत सांगितलं. ती खांदे उडवून निघून गेली.

मोबाइलवर बघून बघून मी कनिष्ठेला लाल आणि ज्येष्ठेला मोरपंखी साडी नेसवली. निऱ्या कमी आणि टाचण्या जास्त झाल्या, पण लांबून बरी दिसत होती. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. बायकोला आत येऊन बघायला वेळ नव्हता, आणि मीही तिला बोलावलं नाही. एकदम दाखवायचं होतं.

दिवेलागणीला आवाहन. दारापासून देवघरापर्यंत कुंकवाची पावलं काढलेली. बायको हातात मुखवटा घेऊन त्या पावलांवरून येणार, आई खुर्चीवरून विचारणार, ती उत्तर देणार. मध्ये थांबायचं नसतं.

आईने विचारलं, कोण आलं? बायको म्हणाली, महालक्ष्मी आली. आईने विचारलं, कशाच्या पावलानं आली? बायकोची नजर तेव्हा मुखवट्यावरून वर उठली आणि ज्येष्ठेच्या कोठीवर गेली. पाऊल क्षणभर अडखळलं, पण थांबलं नाही. आवाजही तोच, ओवी म्हणावी तसा.

"सोन्याच्या पावलानं आली," ती म्हणाली, "अन् माझी शाळेची नवी साडी नेसून आली."

घंटा माझ्या हातात होती. मुखवटे चढेपर्यंत ती मी जरा जोरातच वाजवत राहिलो.

प्रकरण असं होतं की शाळेने शिक्षिकांचा युनिफॉर्म बदलला होता. नवी साडी समितीच्या दिवसापासून सुरू व्हायची होती आणि प्राचार्या बाई शिस्तीला कडक. दोघी देवी आणि ती स्वतः, तिघींच्या साड्या बायकोने एकाच फेरीत आणल्या म्हणून त्या एका पिशवीत होत्या. मैत्रिणीची मागावी तर उद्या प्रत्येकीला स्वतःची लागणार. पंडरीत जावं तर त्या दिवशी बाजार बंद, आणि उद्या दुकानं उघडायच्या आधी पाठ सुरू होणार. मला आणखी एक युक्ती सुचत होती, पण मी तोंड उघडताच आईने हाताने गप्प केलं. बायको कोठीसमोर पाटावर बसली होती. आईला तिने एवढंच विचारलं, साडी सोडता येईल का.

"मुखवटा चढला ना आता," आई म्हणाली. "तिनं तुही साडी नेसली, तू तिची नेस. फिटंफाट."

"मी समितीसमोर अशी चमचम करत जाऊ?"

"काहून? देवीले चालतं, समितीले नाही चालत काय?"

बायकोला हसू आलं. ते हसू होतं की रडू, हे मी जवळ जाऊन बघितलं नाही. जवळ जाण्यात धोका होता.

सकाळी ती अंधारातच उठली. पुरण शिजवलं, आंबिलीची तयारी केली, मुलीचा डबा भरला, देवीसमोर हात जोडले आणि ती लाल टिकल्यांची साडी नेसून माझ्या स्कूटरवर बसली. सिग्नलला शेजारच्या मोटारसायकलवाल्याने तिच्याकडे बघून मला विचारलं, "भैया, इतनी सुबह शादी?" मी मान हलवून "हव" म्हणालो. दुसरं काय सांगणार. शाळेच्या फाटकाशी उतरून तिने तक्ता काखेत धरला आणि म्हणाली, "घरी जाऊन पुरणाजवळ बसा. फक्त ढवळा. डोकं लावू नका."

मी ढवळत बसलो. सोळा भाज्यांची मिसळीची भाजी असते, तिच्यासाठी मी बाजारातून आणलेल्या सोळांत आलं आणि कोथिंबीर धरली होती, त्यावरून आई मध्ये मध्ये बोलत होती. मी ऐकून घेतलं. माझा जीव वर्गात अडकला होता.

दुपारी ती आली ती एकटी नाही. तिने आधीच जेवायला बोलावलेल्या शिक्षिका होत्या, सगळ्या मोरपंखी साड्यांत, आणि मागे प्राचार्या बाई. सकाळी त्यांनी बायकोला गेटवरच विचारलं होतं, युनिफॉर्म कुठे आहे. बायकोने खरं सांगितलं की ती महालक्ष्मीजींनी नेसली आहे. नोकरीत बाईंनी बहाणे पुष्कळ ऐकले होते, हा नवा होता. त्या स्वतः बघायला आल्या होत्या.

पाठाचं मैत्रिणींकडून कळलं. बायको खिडकीशी उभी राहून तक्ता उघडायला लागली आणि उन्हात तिच्या साडीच्या टिकल्या वर्गभर नाचल्या. छतावर, फळ्यावर, समितीतल्या एका साहेबांच्या टकलावर. मुलं तक्त्याकडे बघायला तयार नव्हती. तेव्हा तिने तक्ता गुंडाळून ठेवला. मुलांना एकेक ठिपका वाटून दिला आणि सांगितलं, मी हलते, तुमचा ठिपका कुठे पळतो ते सांगा, आणि का पळतो ते सांगा. तास संपला तरी मुलं हात वर करून उभी होती. समिती वहीत काहीतरी लिहून निघून गेली. निकाल संध्याकाळी.

प्राचार्या बाईंनी ज्येष्ठेपुढे डोकं टेकलं. मग चष्मा सारखा करून देवीला नीट बघितलं. एका रांगेत त्यांचा सगळा स्टाफ आणि टोकाला त्याच साडीत ज्येष्ठा.

"प्लीट्स किसने बनाई हैं?" त्यांनी विचारलं.

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. बाई एवढंच म्हणाल्या की देवीजी सब्र वाली हैं. मग आंबील दोनदा मागून घेतली.

पंगती उठल्या, भांडी घासून झाली, पाहुण्या गेल्या. बायको कनिष्ठेशेजारी भिंतीला टेकून जरा बसते म्हणाली आणि बसल्या बसल्या झोपली. दोघींच्या साड्या सारख्याच, लाल. एक उभी, एक आडवी व्हायच्या बेतात. आरतीची वेळ झाली. मी घंटा उचलली तशी आईने माझं मनगट धरलं.

"थांब. देवीले कुठं जायचं हाये? इले झोपू दे."

तेवढ्यात बायकोचा फोन थरथरला. मी तो घेऊन अंगणात पळालो. प्राचार्या बाई होत्या. पक्की झाली, म्हणाल्या, पहिल्या तारखेपासून. मॅडमना सांगा, आणि साडी आता सोमवारी नेसून या म्हणावं.

मी आत आलो. आई डोळे वटारून बसलेली. बायको झोपलेली. माझ्या पोटात एरवी भाजीचा भाव राहत नाही, तिथे ही एवढी मोठी बातमी. एका हाताने घंटेचा लोलक घट्ट धरून मी थोडा वेळ काढला. मग राहवेना, तेव्हा ज्येष्ठेजवळ गेलो आणि तिच्या कानाशी हळूच सांगून टाकलं. शेवटी ती स्टाफमधलीच होती.

"ऐकलं मी," भिंतीकडून आवाज आला. डोळे मिटलेलेच होते, पण गालावर हसू पसरत चाललं होतं. "पुन्हा एकदा सांगा."

मी पुन्हा सांगितलं, मोठ्याने. आईने हात जोडले.

"उद्या ती साडी मी सोडीन," बायको उठून पदर सावरत म्हणाली. "तुम्ही टाचण्या कुठे कुठे लावल्या आहेत, तेवढं फक्त आठवून ठेवा." मग तिने माझ्या हातातून घंटा काढून घेतली आणि आरती सुरू केली.