खंडेनवमीची मोटर

आटपाट गाव होतं, धरणाच्या पाण्यात पाय सोडून बसलेलं. तिथं एक म्हातारी राहायची, ती मीच. माझा लेक अप्पा, सून शेवंता, नात राणी, आणि कडब्याच्या खोलीत पोत्याखाली झोपलेली होडीची मोटर. माणसांचे किस्से चार दिवसांत शिळे होतात. ह्या मोटरीचे लोणच्यासारखे मुरत गेले. आता बरणी भरली, म्हणून उघडते.

*

आमचे मालक होते तोवर मोटरीचा दांडा माझ्या हातात असायचा आणि जाळं त्यांच्या. ते गेले, मोटर आत गेली. अप्पाला पाण्याची भीती, आणि देवाची त्याहून जास्त. दर खंडेनवमीला कोयते-कुदळी मांडून झाल्या की मोटरही बाहेर काढायचा. बाकीच्या हत्यारांना भंडाऱ्याची हळद चिमूटभर. हिला मात्र वरून एक मूठ, आणि खाली पाणी ओढायची जाळी असते तिच्यात एक मूठ.

शेवंता म्हणायची, "पडून ऱ्हायलं की पूजा, राबलं की शिव्या."

*

राणी बारावी पास झाली. कॉलेज पाण्यापलीकडं. काठावरून दिसायचं, पण रस्त्यानं जायचं तर अख्ख्या धरणाला वळसा. वल्ही मारत गेलं तर पोचेपर्यंत कॉलेज सुटायचं.

अप्पा म्हणाला, "मोटर चालू झाली तर कॉलेज. न्हायतर पावणे बघायचे."

त्याला वाटलं, ही आता कुठली उठतेय.

राणी म्हणाली, "आज्जी, तू साक्षीदार हायस बघ."

"मला सही येत न्हाय," मी म्हटलं, "पण तोंड हाय."

*

राणीनं सोलापूरला जाऊन सात रस्त्याजवळच्या गॅरेजमधला रशीदभाई मिस्त्री आणला. त्यानं टाकीत काडी घातली. काडी उभीच राहिली.

"अम्मा, ये पेट्रोल है की काकवी?"

मग धूर निघायच्या भोकात तार घातली. आत गांधीलमाश्यांचं घर. रशीदभाई चपळ, तो पळाला. अप्पा लांब उभा राहून देवाचं नाव घेत होता, तो सापडला. डोळा लिंबाएवढा सुजला.

नेमके दुसऱ्या दिवशी पावणे आले, अप्पानं गुपचूप बोलावलेले. पोराच्या मामाला मोटर दिसली. "असल्या लई चालू केल्यात," म्हणत त्यानं दोरी ओढली. दोरी सडलेली. ती हातात आली, आणि मामा म्हशीच्या हौदात बसला. म्हशीनं त्याला हुंगलं आणि पाणी प्यायची थांबली. पावणे चहा न घेता गेले.

राणी म्हणाली, "नवी दोरी लागंल."

*

नवी दोरी बसवून रशीदभाई जेवायला गेला. जाताना सांगून गेला, पेट्रोलमध्ये तेल मिसळून ठेवा. कुठलं, ते अप्पानं विचारलं नाही. घाण्यावरचं करडईचं ओतलं. दोरी ओढली तशी मोटर दोनदा खोकली, निळा धूर सोडून गप्प झाली. धुराला असा खमंग वास की शेजारची गंगू वाटी घेऊन आली.

"शेवंते, भजी कशाची गं केलीस?"

*

शेवटी कॉलेज उघडायचा दिवस आला. रशीदभाईनं टाकी धुऊन, आतला पाणी ओढायचा रबरी पंखा नवा घालून मोटर होडीला लावली. राणी दप्तर मांडीवर घेऊन बसली. दांडा मी धरला. अप्पा नवा पांढरा सदरा घालून काठावर उभा.

"चालू झाली की ह्या भोकातनं पाण्याची धार यायला पायजे," रशीदभाई म्हणाला. "नै आई तो इंजन जल जाता."

दोरी ओढली. मोटर घुमली. धार काही येईना.

अप्पा खुलला. "बंद करा, जळंल उगं. राणे, उतर खाली. मी पोराच्या मामाला फोन लावतो." आणि खात्री करायला वाकला.

रशीदभाईनं भोकात तार खुपसली. आत काहीतरी सुटलं, आणि फस्सकन धार आली. पिवळीधमक. अप्पाच्या कपाळापासून बेंबीपर्यंत.

"देवाचा भंडारा!" अप्पानं हात जोडले. मग चपला काढल्या, कंबरभर पाण्यात उतरला आणि होडीला स्वतः धक्का दिला.

मागून शेवंताचा आवाज आला, "ह्या वर्षी घरात हळद लागायची हुतीच."