स्वागतकक्षातला नवरा

अमरावतीच्या ज्या कंपनीत मी फोन उचलायची नोकरी केली, तिच्या स्वागतकक्षात एका कोरकू म्हातारीचा नवरा उभा होता. म्हणजे त्याचा मुंडा. मेळघाटातले कोरकू गेलेल्या माणसासाठी सागाचा खांब कोरतात, त्यावर चंद्र, सूर्य, घोडेस्वार काढतात आणि गावाबाहेर झाडाखाली रोवतात, तो मुंडा. आमच्या कंपनीनं हा तिथून उपटून आणला, धुतला, पॉलिश केला, चौथऱ्यावर पितळी कड्यात बसवला आणि वरून पिवळा दिवा सोडला. माझं टेबल त्याच्या बरोबर समोर होतं.

उपटायची वेळ का आली, तेही सांगते. सातपुड्याच्या पायथ्याशी कंपनीची गिट्टीची खदान होती. ती पसरत पसरत गावाच्या मुंड्यांच्या टेकडीवर गेली. बाकीचे खांब यंत्राखाली मोडले, हा एक धड राहिला. गावानं आरडाओरडा केला, पेपरात दोन ओळी आल्या आणि मुंबईच्या मुख्य कार्यालयाला एकाएकी आदिवासींचा उमाळा आला. 'सलोखा संकल्प' नावाची पाटी फ्रेम होऊन खांबाशेजारी लागली. पाटीवर आदर होता, ऋण होतं, भूमिपुत्र होते. टेकडी परत देऊ, एवढं मात्र कुठंच नव्हतं. घर जाळून कोळशाचा व्यापार म्हणतात तो हाच.

तेव्हा वऱ्हाडात दुःख बघायला येणाऱ्यांची रीघ लागली होती. कापसानं सगळ्यांनाच दगा दिला होता, आमच्या हिवरखेडच्या शेतालाही. म्हणून तर मी फोनशी येऊन बसले होते. पांढऱ्या गाड्यांतून कोणी ना कोणी पाहणीला यायचं, बांधावर उभं राहून मान हलवायचं आणि हॉटेलात जेवून परत जायचं. आमच्या कंपनीनं तेवढं बरोबर हेरलं, की सांत्वनाला खर्च कमी येतो आणि नाव मोठं होतं.

हे खातं सांभाळायला पुण्याहून एक जनसंपर्क अधिकारी आले होते. 'सहवेदना' हा शब्द त्यांच्या तोंडात इतका बसला होता की शिपाई मागे त्यांना सहवेदना साहेबच म्हणायचा. खदान त्यांनी कधी पाहिली नव्हती. धुळीची ॲलर्जी होती.

म्हातारी पहिल्यांदा आली ती परतवाड्याच्या बाजारावरून एसटी धरून. वॉचमन काही बोलायच्या आत ती सरळ खांबापाशी गेली, कोरलेल्या घोड्यावरून हात फिरवला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, हा माहा नवरा हाये. याले कवा सोडता?"

मी साहेबांना बोलावलं. त्यांनी तिला खुर्ची दिली, चहा दिला आणि समजावलं, की इथं ऊन नाही, पाऊस नाही, शंभर वर्षं या खांबाला काही होणार नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्या मानसानं पन्नाशी नाई पाह्यली. लाकडाले शंभर वर्स काहून?"

तिची मागणी फार साधी होती. आता तिचंही वय झालं होतं. ती गेली की तिचा मुंडा नवऱ्याच्या शेजारी रोवायचा, असं तिच्या मनात पक्कं होतं. तोच अमरावतीत दिव्याखाली उभा, तर तिचा कुणाच्या शेजारी रोवणार? यावर साहेबांनी तोडगा काढला. इथल्या सुताराकडून हुबेहूब तसाच खांब करून घेऊ आणि तो तिला भेट देऊ. म्हातारीनं विचारलं, मग तो नवाच इथं का नाही ठेवत, तुम्हाला तर नुसतं पाहायचंच आहे. साहेब म्हणाले, पाहुण्यांना अस्सल लागतं. घेतलेली वस्तू का परत देत नाही, हे इतक्या अदबीनं सांगणारा माणूस मी त्यानंतर पाहिला नाही.

ती येत राहिली. एकदा आली तर नेमका कंपनीचा सलोखा दिन होता. मुंबईचे मोठे साहेब, त्यांच्या बायका, हार, कॅमेरे. म्हातारी गर्दीतून वाट काढत चौथऱ्याशी बसली, केस सोडले आणि कोरकूत आक्रोश करू लागली. शब्द मला कळत नव्हते, पण माझे वडील गेले तेव्हा आई अशीच रडली होती. पाहुणे गोल करून उभे राहिले. ती दम घ्यायला थांबली तेव्हा मोठ्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. वार्षिक पुस्तिकेत तिचा फोटो आला, खाली 'आदिवासी भगिनीचे पारंपरिक स्वागतगीत'. मला असा संताप आला की पुस्तिका हाती पडली त्या दिवशी आलेला एकही फोन मी धड जोडला नाही.

पुढच्या सलोखा दिनाला तिला रीतसर निमंत्रण गेलं. न्यायला-आणायला गाडी, साडी, बिदागी, आणि सोबत साथीदार आणले तरी चालतील. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात. ती भावकीतले चार धट्टेकट्टे गडी घेऊन आली. त्यांच्या खांद्यावर टॉवेल होते आणि एकाच्या हातात जाड दोर. मी हळूच विचारलं, दोर कशाला? ती म्हणाली, "गान्याले लागते."

ती रडली. खरंच रडली, मागच्यासारखीच. टाळ्या सुरू झाल्या तशा गड्यांनी खांबाला दोर टाकला, कड्यातून उचलला आणि खांद्यावर घेतला. टाळ्या वाढल्या. सहवेदना साहेबांचं तोंड पांढरं पडलं. त्यांनी मोठ्या साहेबांकडे पाहिलं, तर त्यांचे डोळे भरून आलेले. त्या पाटीखाली उभं राहून अडवा म्हणायची कुणाची छाती होणार? एरवी आमच्या काचेच्या दाराची एकच बाजू उघडी असायची. मी उठले आणि दोन्ही उघडल्या. नोकरीत इतकं आनंदानं मी दुसरं काहीच केलं नाही. बाहेर कंपनीचीच गाडी उभी होती. बाळापूरचा मुसलमान ड्रायव्हर काय ते एका नजरेत समजला. मागचं दार उघडून म्हणाला, "चाचा को आराम से लिटाओ."

पुस्तिकेत छापून आलं की कंपनीनं आदिवासींचा वारसा सन्मानानं परत केला. त्याबद्दल कुठलंसं पारितोषिकही मिळालं आणि साहेबांना बढती. रिकाम्या कड्यात मनी प्लांटची कुंडी बसली. पाटी तशीच राहिली.

काही महिन्यांनी म्हातारी मला परतवाड्याच्या बाजारात भेटली. मुंडा वस्तीशेजारच्या मोहाखाली रोवला होता, कारण टेकडीच्या जागी आता नुसता खड्डा होता. शेजारी आपल्यापुरती जागा तिनं मोकळी ठेवली होती. मी म्हटलं, चला, झालं एकदाचं तुमच्या मनासारखं. ती मिरच्या निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "दोन रडन्यात नवरा भेटला, बाई. टेकडीसाठी किती रडा लागन, तेवढं तुमच्या सायबाले इचारून सांगजा."