आयोडीनचे दोन थेंब

उल्हासनगरच्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये असिस्टंट आहे. बेलवलीच्या आमच्या सोसायटीला हे कळलं आणि माझ्या डोक्याला ताप सुरू झाला. मोबाईलवर भेसळीचा कुठलासा व्हिडिओ फिरला, आणि रविवारी सकाळी खालच्या मजल्यावरच्या काकू स्टीलचा डबा घेऊन दारात.

"बघ गं जरा, आपला दूधवाला काय पाजतोय ते."

दूधवाला बारवी धरणाकडचा शेतकरी. घरच्या म्हशी. बाईकला कॅन लावून पाच-सहा वर्षं येत होता.

मी दूध उकळून गार केलं, आयोडीनचे दोन थेंब टाकले. निळं झालं. म्हणजे स्टार्च, पिठासारखं काहीतरी. "थांबा काकू, परत एकदा बघू," असं मी म्हणेपर्यंत काकूंनी फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकलासुद्धा!

दुसऱ्या दिवशी गेटवर दहाजण त्याला घेरून उभे. मला बघून तो म्हणाला, "ताई, पानी घातलं म्हनाल तर एक वेळ ठीक. दुधात पीठ कशाला घालीन मी?"

त्याच्याच कॅनमधून मी बाटलीभर दूध घेतलं आणि लॅबमध्ये तीनदा तपासलं. निळा रंग एकदाही आला नाही.

संध्याकाळी काकूंना विचारलं, "डब्यात आधी काय होतं?"

"साबुदाण्याची खीर. पण विसळला होता हो मी!"

"विसळला की घासला?"

"आता दूधच तर घालायचं होतं त्यात!"

साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च! कपाळावर हात मारला मी. काकूंवर चिडले, त्याहून जास्त स्वतःवर. भांडी आधी स्वच्छ धुवा म्हणून लॅबमध्ये पोरांवर रोज ओरडणारी मी, डबा कसला ते विचारलंसुद्धा नव्हतं.

ग्रुपवर सगळं सविस्तर लिहिलं. दोन अंगठे आले. एकाने लिहिलं, "पण आग असल्याशिवाय धूर का..." मी फोन पलंगावर आपटला.

पुढच्या रविवारी स्कूटर काढून दूधवाल्याच्या गावी गेले. तो गोठा धूत होता. मी माफी मागितली. त्याच्या बायकोने चहा समोर ठेवला आणि ती लगेच आत निघून गेली.

"तुमी आलात, बरं वाटलं," तो म्हणाला. "पन त्या गेटातून मी आता येनार नाय. पोरगी शिकते तुमच्याच बाजूच्या शाळेत. तिला पोरं विचारतात."

मी चहा संपवला आणि निघाले. आता आमची अख्खी बिल्डिंग पिशवीचं दूध पिते. ते तपासून दे म्हणायला अजून कोणी आलेलं नाही.