आठ वर्षं मुरलेली रम आणि तात्यांचा कावळा

चूक माझीच होती, हे आधीच कबूल करतो, म्हणजे मधेच कुणी टोकायला नको. वाईट दारूनं फजिती झालेली माणसं तुम्ही पुष्कळ पाहिली असतील. चांगल्या दारूनं फजिती झालेला मी एकटाच असेन. आणि तीही कुणापुढं, तर एका कावळ्यापुढं.

आमचं गाव कऱ्हाडच्या खाली, कृष्णेच्या काठी. घरटी एक माणूस मिलिटरीत आणि घरटी थोडाफार ऊस. माझे चुलते, तात्या, सुभेदार होऊन रिटायर झालेले. महिन्याला साताऱ्याला जाऊन कँटीनच्या कोट्याच्या बाटल्या आणायच्या. संध्याकाळी सातला स्टीलच्या पेल्यात रम, त्यात कडकडीत गरम पाणी, आठला जेवण. मला कळायला लागल्यापासून यात बदल नाही.

आणि मी सांगलीला बी.एस्सी. करताना रमच्या प्रेमात पडलो. पिण्याच्या नव्हे, रमच्या. फरक आहे, हसू नका. माझा एक मित्र बोटीवर नोकरीला. तो बंदराबंदरातून बाटल्या आणायचा, आणि मी घोटभर चाखून चार दिवस त्यांचा इतिहास वाचत बसायचो.

आता तुम्हीच विचार करा. उसापासून साखर करायची अक्कल आपली. ती फिरत फिरत पार कॅरिबियन बेटांवर पोचली. साखर काढून उरलेली मळी तिथल्या मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांनी आंबवली, उकळली, आणि रम झाली. पुढं गोऱ्यांच्या आरमारात ती खलाशांना रोज मापून मिळायला लागली. म्हणजे तात्यांचा कोटा हा त्या मापाचा सख्खा नातू. गुलामगिरी संपल्यावर तिकडचा ऊस तोडायला माणसं नेली, तीही आपल्याच देशातून. कुठं मळीची रम, कुठं ताज्या रसाची. एक पाण्यासारखी पांढरी, एक काकवीसारखी काळी, एक वर्षानुवर्षं लाकडी पिंपात मुरलेली. आणि आमच्या गावात, जिथं कारखान्याच्या मळीचा वास थेट देवघरात येतो, तिथं रमबद्दल लोकांना काय माहीत? तर गरम पाणी. मला हे सहनच होत नसे.

म्हणून मी तात्यांचा क्लास घ्यायला लागलो. दर रविवारी, सातला.

"तात्या, आधी वास घ्या."

"घेतला."

"कसला आला?"

"रमचा."

"आवं, नीट घ्या. केळ, लवंग, जळका गूळ, असलं कायतरी जाणवंल."

"गूळ पायजे व्हय तुला? अगं ए, ह्याला गुळाचा खडा आण."

मी हार मानणाऱ्यांतला नाही. मी खलाशांवरून पिंपांवर यायचो, पिंपांवरून मळीवर. तात्या पेला हातात धरून शांतपणे ऐकायचे. मला वाटायचं, माणूस तयार होतोय. एकदा मी त्यांना ताज्या रसाची पांढरी रम भेट दिली. "झ्याक हाय. ठिवतो जपून," म्हणाले. मी भरून पावलो.

गेल्या वर्षी तात्या गेले. झोपेतच, कुणाला तसदी न देता.

दहाव्याच्या दिवशी सकाळी काकीनं मला सांगितलं, "कपाटात वरल्या फळीवर त्यांची बाटली हाय, ती घे. आन् थर्मासात गरम पाणी."

इथं माझ्यातला सुधारक जागा झाला. म्हटलं, आयुष्यभर माणूस एकच चव पीत आला, निदान शेवटचा पेला तरी उत्तम मिळू दे. कपाट मी उघडलंच नाही. माझ्याकडची आठ वर्षं मुरलेली, सील न फोडलेली बाटली पिशवीत टाकली आणि कुणाला न सांगता घाटावर गेलो.

तात्यांचा मुलगा संभा फौजेतून रजेवर आलेला. त्यानं पिंड ठेवला, शेजारी कांदाभजी ठेवली. मी पेल्यात रम ओतली. पाणी नाही, चांगल्या रमच्या नियमाप्रमाणं. सगळे मागं सरले.

कावळा आला. लिंबाच्या फांदीवर बसला, आणि बसूनच राहिला.

पाच मिनिटं, पंधरा मिनिटं, तासभर. शेजारच्या पिंडाला कावळा शिवून ते लोक घरी जेवायलाही गेले. ऊन डोक्यावर आलं. काकीनं सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. कावळा शिवेपर्यंत घेणारही नव्हती.

भटजी हळूच म्हणाले, "दर्भाचा कावळा करून लावू या का?"

"न्हाई," काकी म्हणाली. "माझा मालक कशापायी आडलाय, ते कळल्याबिगर मी हितनं उठायची न्हाई."

तेवढ्यात तात्यांचे दोस्त बापू हवालदार पेल्यावर वाकले. नाक आत घातलं.

"ही कँटीनची न्हाई. कुणाची बाटली ही?"

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी खुलासा केला. "आवं बापू, ही आठ वर्षं ओकच्या पिंपात..."

"बाटली कुणाची ते इचारलं. तिचा पवाडा न्हाई."

काकीनं कपाळावर हात मारला. "आरं बाबा, तुझी ती पांढरी बाटली म्हशीच्या खुराला लावली त्यांनी."

मी गार पडलो.

"जखम मातुर भरली," ती समजूत घातल्यासारखं म्हणाली.

बापू कशाला मागं राहतात? "आन् रविवारी तू गेलास की तात्या माझ्याकडं यायचा. म्हणायचा, पोरगं गुणाचं हाय, पर बोलून बोलून पाणी गार करतंय. मग माझ्यात बसून नव्यानं भरायचा."

मी मोटारसायकल काढली. घरी जाऊन कँटीनची बाटली आणि थर्मास घेऊन आलो. संभानं दुसरा पेला भरला, वाफ निघाली. कावळा खाली उतरला. दोन उड्या मारून पेल्यापर्यंत आला. मान वाकडी करून माझ्याकडं पाहिलं आणि परत फांदीवर जाऊन बसला.

"बाटलीचा सवाल मिटला," बापू म्हणाले. "आता मनातलं कायतरी हाय. शब्द द्या त्याला."

संभा हात जोडून म्हणाला, "तात्या, आईला अंतर देणार न्हाई." कावळा ढिम्म. "विहिरीची मोटर दुरुस्त करतो." कावळा ढिम्म. "बांधाची भांडणं मिटवतो." कावळ्यानं पंख खाजवला.

मग सगळे माझ्याकडं बघायला लागले. मला खरोखर भरून आलं होतं. पुढं झालो आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "तात्या, तुमची आठवण म्हणून दर रविवारी मी आख्ख्या गावाला रम शिकवीन."

कावळा उडाला तो सरळ कृष्णेच्या पलीकडच्या काठावर.

काकी माझ्याजवळ आली. तिचे ओठ सुकले होते.

"आत्ता बोललास नव्हं, त्येच्या उलटं बोल."

"काकी, पण..."

"लेकरा, हात जोडते. उलटं बोल."

तुम्हाला सांगतो, पदवी घेताना शपथ घेतली नसेल इतक्या गांभीर्यानं मी हात जोडले. "तात्या, हितनं पुढं रमबद्दल मी कुणाला एक अक्षर शिकवणार न्हाई."

नदीवरून काळा ठिपका निघाला. फांदीकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. थेट पिंडावर उतरला आणि चोच घातली.

"सुटला गं बाई," म्हणत काकी मटकन खाली बसली. रडलीही, हसलीही, आणि तांब्याभर पाणी एका दमात प्यायली. तिला पाणी पिताना बघून मलाही हायसं वाटलं. माझं मत मात्र आजही तेच आहे. रम माझीच सरस होती, कावळ्याला कळली नाही.

आवराआवर सुरू झाली. बापूंनी माझी बाटली उचलली, बूच काढून वास घेतला. पुन्हा घेतला. डोळे मिटले.

"जळका गूळ," ते पुटपुटले. "आन् केळ बी हाय बघ. कसली म्हणायची रं ही? सांग की सगळं."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला आपण होऊन विचारलं होतं. मी खाली बैठक मारली, घसा साफ केला, तोंड उघडलं.

कावळा अजून भजी खात होता. त्यानं खाणं थांबवलं आणि मान वर केली.

"रम हाय, बापू," मी म्हणालो. "गरम पाणी घालून प्या."