नेच्याचं पाणी

आमच्या घरात वनस्पतिशास्त्र शिकायला गेलेली मी पहिली, आणि पानात वाढलेलं अन्न कडू करणारीही पहिलीच!

पाटणच्या डोंगरात आमच्या ओढ्याकाठी नेच्याचे कोंब निघतात, गोगलगायीसारखे गुंडाळलेले. त्यांची भाजी आम्ही कायम खातो. कॉलेजच्या प्रकल्पाला मी हाच विषय मागितला. सर म्हणाले, "येऊन बघतो, मग ठरवू. नाहीतर तूही तुळस घे." (निम्म्या वर्गाने तुळसच घेतली होती.) मला मात्र आमच्या ओढ्याचं काहीतरी कागदावर यायला हवं होतं.

रविवारी सर येणार म्हणून मी सकाळीच आत्याबरोबर ओढ्यावर गेले.

"उलगडला की सोडायचा. आन एका गड्ड्याचं दोनच कोंब घे, बाकी ऱ्हाऊ देत," आत्या म्हणाली. मी वहीत लिहिलं.

घरी येऊन तिने कोंब उकळत ठेवले. "दोनदा उकळ, दोन्ही बारीला पानी फेक."

"का गं?"

"का म्हंजी? फेकत्यात!"

हे काही शास्त्रीय उत्तर वाटेना. भाजीचं पाणी फेकलं की जीवनसत्त्वं जातात, हे मी परीक्षेत लिहून आले होते. आत्या दळण आणायला गेली आणि मी दोन्ही वेळचं पाणी गुपचूप तुरीच्या आमटीत ओतलं. विज्ञानाचा विजय!

दुपारी सर आले आणि माझ्या वडिलांशेजारी, आप्पांशेजारी, पंगतीला बसले. सरांनी आमटीचा भुरका मारला आणि त्यांचा चेहरा त्या कोंबासारखा आत आत गुंडाळत गेला. पण पाहुण्याने नावं कशी ठेवायची? त्यांनी वाटी संपवली. पाहुणा पितोय म्हटल्यावर आप्पांनीही डोळे मिटून संपवली. दोन्ही वाट्या रिकाम्या बघून आत्या खूश!

"लय आवडली वाटतं!" आणि नको नको म्हणेपर्यंत दोघांना आणखी एकेक पळी.

मग तिने स्वतः चाखली.

"पोरी, त्ये पानी टाकलंस न्हवं?"

"टाकलं की."

"कुठं?"

"...आमटीत."

"तरीच!" आप्पा घसा खाकरत म्हणाले. "मला वाटलं, सायबास्नी आसलंच आवडतं!"

सर खोकत होते की हसत होते, कळेना. आत्याने आधी गुळाचा खडा दिला, मग भीतभीत भाजी वाढली. सरांनी पहिला घास अगदी जपून घेतला. मग मात्र भराभर खाऊ लागले. तिसऱ्यांदा भाजी मागून घेतली तेव्हा म्हणाले, "विषय मंजूर. फक्त मार्गदर्शक म्हणून आधी आत्यांचं नाव घाल, मग माझं."

"आन पोरीचं?" आत्याने विचारलं.

"शेवटी. आमटीपासून लांब."

प्रकल्प आता लिहून झालाय. 'पाणी का फेकावे?' या रकान्यात मी प्रामाणिकपणे लिहिलंय: संशोधिकेने ते ठेवून पाहिले आहे. पुन्हा ठेवणार नाही!