समोर जाऊन सांगणारी मृणाल

पसरणीचा घाट चढताना मधल्या वळणांवर फोनची रेंज जाते हे आम्हा वाईकरांना चांगलं ठाऊक आहे. तरीही त्या सकाळी मी फोन उचलला. शिरीषचा होता, मृणालच्या नवऱ्याचा. "सर, मृणाल…" एवढं ऐकू आलं आणि आवाज तुटला. गाडी चालवणाऱ्या बायकोनं विचारलं, "काय म्हणतोय?" मी म्हटलं, "रेंज गेली." त्या फोनची भीती आम्ही कितीतरी दिवस बाळगून होतो. घाटमाथ्यावर तिनं गाडी कडेला घेतली. खाली वाईची शेतं, धोमचं पाणी, सगळं स्वच्छ दिसत होतं. रेंज आली होती, पण मला फोन लावावासा वाटेना. पुढचे शब्द ऐकले नव्हते तोवर ती होती… शेवटी बायकोनंच स्वतःच्या फोनवरून शिरीषला लावला आणि नुसतं "कधी?" असं विचारलं.

मृणाल माझी नात्यागोत्याची कुणी नव्हती. वयानं मुलीसारखी, पण तसंही आमचं वागणं नव्हतं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर मला अधूनमधून सरकारी बैठकांना बोलावत, पाण्याचा सल्लागार म्हणून. खरं तर एक खुर्ची भरावी म्हणूनच. अशाच एका बैठकीत, साताऱ्यात, ती पहिल्यांदा दिसली. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांसाठी हरित हायड्रोजनचा आराखडा करायचा होता आणि त्यात मदत करायला पुण्याहून तिला नेमलं होतं. समोर बसलेल्या बहुतेकांना हायड्रोजन हा शाळेत शिकून विसरलेला शब्द. तिनं फार चित्रं दाखवली नाहीत. म्हणाली, "ऊन आणि वारा वापरून वीज करायची. त्या विजेनं पाणी फोडायचं. त्यातून हा वायू निघतो. कारखान्यांच्या भट्ट्यांना, खतांना तो लागतो आणि जाळला तर धूर होत नाही." एक अधिकारी उत्साहानं म्हणाले, "मग आपल्याला काय कमी आहे? पूर्वेच्या तालुक्यांत पवनचक्क्या आहेत, ऊन तर विचारूच नका. अडचण कसली?"

ती म्हणाली, "पाणी."

सभागृहातल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. निवृत्तीनंतर त्या खुर्चीचा पहिल्यांदाच उपयोग झाला असं मला वाटलं. चहाच्या वेळी ती जवळ आली. "सर, कालव्याच्या शेवटच्या टोकाला उन्हाळ्यात खरंच किती पाणी पोचतं? कागदावरचं नको, डोळ्यांनी पाहिलेलं सांगा." तिथून आमच्या फिरण्याला सुरुवात झाली.

ती मूळची सांगलीजवळच्या माधवनगरची. वडील तिथल्या एका कापड गिरणीत कामाला. ही गोष्ट तिनं मला एकदाच सांगितली, तासगावकडून विट्याला जाताना, खिडकीबाहेर बघत. गिरणी बंद होणार हे कामगारांना कुणी सांगितलंच नाही. एका सकाळी वडील डबा घेऊन गेले तर फाटकाला कुलूप आणि शेजारी चिकटवलेला कागद. मालकापासून मुकादमापर्यंत कुणीही बाहेर येऊन उभं राहिलं नाही. "बाबा त्यानंतरही कितीतरी दिवस डबा घेऊन जायचे," ती म्हणाली. "काम मिळेल म्हणून नव्हे. कुणीतरी येऊन तोंडानं सांगेल म्हणून…" ती एवढं शिकली, पुढं गुजरातेत मोठ्या पगारावर काम करून परत का आली, हे मी तिला कधी विचारलं नाही.

विट्याच्या पुढं पठारावर एक गाव आहे. नाव लिहीत नाही. गावावर पवनचक्क्यांची रांग, खाली कुसळी गवतात चरणारी मेंढरं. आराखड्याच्या पहिल्या मसुद्यात हायड्रोजनचा कारखाना या पठारावर दाखवला होता. बिरोबाच्या देवळापुढच्या मंडपात सभा होती. सोबतच्या साहेबांनी प्रस्तावना केली, विकास वगैरे. मग पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ उठले. ज्ञानू अण्णा. पूर्वी मेंढरं राखायचे, आता थोडी शेती. म्हणाले, "बाई, कारखाना कवा हुणार तेवढं सांगा. माझा पोरगा लांब तिकडं मुलूख सोडून भट्टीवर सोनं गाळतोय. ॲशिडाच्या धुरात छाती भरलीया त्याची. हितं काम मिळालं तर उद्या बोलवून घेतो."

मृणालनं विचारलं, "किती शिकलाय, अण्णा?"

"धावी."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मीही पाहिलं. एक गोड वाक्य बोलून पुढं जाता आलं असतं. अशी वाक्यं मी नोकरीत पुष्कळ ऐकली होती. ती म्हणाली, "बांधकाम चालू असेपर्यंत खूप हात लागतील. पण एकदा उभा राहिला की हा कारखाना यंत्रंच चालवतात. माणसं मोजकी, तीही त्यातलं शिकलेली. तुमच्या मुलाला त्यात काम मिळेल असं मी म्हणू शकत नाही."

मंडपात कुजबुज झाली. मागून एका बाईनं विचारलं, "आन् पाणी? पाणी फोडणार म्हंता, ते कुठलं?"

"आत्ताच्या मसुद्यात तुमच्या कालव्याचं आहे."

मग काही ऐकू येईना. सगळे एकदम बोलायला लागले. अण्णा अजून उभेच होते. गोंगाट थोडा बसल्यावर म्हणाले, "पाणी बी न्हेणार आन् पोराला काम बी न्हाई. मग आमाला कशाला सांगाया आलासा, बाई?"

"सांगायलाच आले, अण्णा. नंतर कळू नये म्हणून."

परतीच्या वाटेत साहेब तिच्यावर चिडले. एवढं सगळं सांगायची काही गरज नव्हती म्हणाले. तिनं वाद घातला नाही, पण दुसऱ्या दिवसापासून मसुदा मोडायला घेतला. तिच्या डोक्यातली वाट सरळ होती. वीज पठारावरची घ्यायची, ती तारेनं खाली आणायची आणि कारखाना कृष्णाकाठी, शहराच्या जवळ करायचा. शहराचं सांडपाणी कसंही शुद्ध करायलाच हवं, तेच आणखी स्वच्छ करून वापरायचं. कालव्याला हात लावायचा नाही. मी आयुष्यभर पाणी वाटायचं काम केलं, मला हे पटलं. किती बैठका, किती हेलपाटे… साताऱ्यात एक म्हणत, सांगलीत दुसरं. हा खर्च कोणत्या जिल्ह्याचा, यावरच एक पावसाळा गेला. ती कुणावर आवाज चढवत नसे. पुन्हा पुन्हा तेच सांगत राही, जणू पहिल्यांदाच सांगतेय.

मधल्या काळात गावाचं मत फिरलं होतं. कारखाना आला की रस्ता होईल, दुकानं होतील, आणि पाणी कमी पडलं तर कारखान्यासाठी का होईना, सरकारला आणखी पाणी वर आणावंच लागेल, असा लोकांचा हिशेब होता. तो अगदीच खोटा होता असं मला आजही म्हणता येत नाही. नेमक्या त्याच वेळी कारखान्याची जागा खाली हलली.

आणि नेमक्या त्याच वेळी तिचं दुखणं बाहेर पडलं. रक्ताचा कर्करोग. मिरजेच्या दवाखान्यात उपचार सुरू झाले. दोन फेऱ्यांच्या मधे जरा बरं वाटायला लागलं तसं तिनं मला फोन केला, "सर, गावात जाऊन यायचंय. जागा हलली हे त्यांना सांगायचंय." मी म्हटलं, "अगं, कळवलंय त्यांना. पत्र गेलंय." ती म्हणाली, "पत्रच गेलंय ना…" शिरीषनं गाडी काढली. मी मागे बसलो.

उन्हाळा तोंडावर होता. पठारावर झळा मारत होत्या. तिनं डोक्याला सुती रुमाल घट्ट बांधला होता. देवळापुढं या वेळी मंडप नव्हता, माणसं सावली धरून उभी होती. तिनं सगळं सांगितलं. काय ठरलं, का ठरलं, ते ठरवण्यात तिचा हात किती. तो शेवटचा भाग तिनं वगळला असता तरी चाललं असतं. ज्ञानू अण्णा पुढं आले. "आमच्या तोंडचा घास काढून शेहराला दिलासा तुमी. वारा आमचा, ऊन आमचं आन् कारखाना त्येंचा व्हय?"

"रागवा, अण्णा," ती म्हणाली. "पण उद्या कालवा कोरडा पडला असता तर तुम्ही मला शोधत आला असता, आणि मी सापडले नसते."

"का? कुठं जाणार हुता तुमी?"

शिरीष दुसरीकडे बघायला लागला. मृणाल जराशी हसली आणि म्हणाली, "कुठं नाही." त्या गावात आम्हाला चहा विचारला गेला नाही असं ते पहिल्यांदाच झालं. गाडीत बसताना तिला आधार द्यावा लागला. विटा मागं पडल्यावर ती डोळे मिटूनच म्हणाली, "अण्णा मला बोलले ते बरं झालं. बाबांना तर ओरडायलाही कुणी मिळालं नव्हतं."

त्यानंतर ती पठारावर गेली नाही. माझी तिची शेवटची भेट मिरजेत, दवाखान्यात. हातावर सुयांचे निळे डाग, आवाज अगदी आत गेलेला. आजाराबद्दल काही बोलू देईना. "आराखडा गेला का वर?" मी म्हटलं, "गेला." "कालव्याचं पाणी घ्यायचं नाही, ते आहे ना त्यात?" मी म्हटलं, "आहे." तेव्हा ते होतंही. ती समाधानानं नव्हे, नुसती थकून भिंतीकडे वळली. मी थोडा वेळ बसून निघालो. निरोप घेतला की नाही हेसुद्धा नीट आठवत नाही.

ती गेल्यावर काही दिवसांनी आराखडा परत आला. जागेचा फेरविचार करावा, असा त्यावर शेरा होता. सांडपाणी शुद्ध करायला वेळ लागेल, कालवा तयार आहे… मला फोनवर हे एका जुन्या सहकाऱ्यानं सांगितलं. तिच्या हयातीत हे आलं नाही, एवढंच त्यातलं बरं.

परवा मी सांगलीला शिरीषकडे गेलो होतो. आम्ही दोघं बसलेलो असताना दार वाजलं. दारात ज्ञानू अण्णा. एसटीनं आले होते, घर विचारत विचारत. खुर्चीच्या कडेवर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "बाई त्या दिशी डोईला कापड बांधून आलती. मला वाटलं, उन्हाचं बांधलंय." शिरीषनं पाणी आणून दिलं. ते प्यायले आणि पेला हातातच धरून राहिले. मी मुलाचं विचारलं. "हाय तिकडंच. खोकतुय." मग म्हणाले, "गावात परत माणसं आलीती. मोजमाप चाललंया. काय चाललंय इचारलं तर म्हंत्यात, वरनं कळवू. तोंड वर करून बघत न्हाईत." "बाईला मी लय बोललो. ती उभी तरी ऱ्हायली हुती. आता भांडायचं कुणाशी, सांगा."

गाडीची वेळ झाली म्हणून ते उठले. शिरीष त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडून आला आणि मग मला मृणालच्या कामाच्या खोलीत घेऊन गेला. टेबल आवरलेलं होतं. भिंतीवर नकाशा होता. खरं तर दोन नकाशे, साताऱ्याचा आणि सांगलीचा, शेजारी शेजारी चिकटपट्टीनं जोडलेले, कारण दोन्ही जिल्हे एकाच कागदावर तिला हव्या त्या मापात कुठं मिळाले नाहीत. जोडावर कृष्णा थोडी सरकलेली होती, तिथं मृणालनं निळ्या पेन्सिलीनं तिची दोन टोकं जुळवून घेतली होती. "दमट हवेत ही पट्टी सुटते," शिरीष म्हणाला. "येता-जाता तळहातानं दाबायची ती. कामवाल्या मावशी विचारत होत्या, काढून ठेवायचा का म्हणून." मी म्हटलं, "मग काय सांगितलंस?" नकाशाचा जोड मधेच जरा उचलला गेला होता. शिरीष पुढं झाला, त्यावर तळहात टेकवला आणि तसाच उभा राहिला.