बिना एसीचं एक्स्चेंज

एक सांगा भाऊ, माणसानं भरवसा ठेवावा तरी कोणावर? खांबावर चढलेल्या लाइनमनवर, एक्स्चेंजात बसलेल्या ऑपरेटरबाईंवर, की दिल्लीत बसून "गावोगाव फोन पोचवू" म्हणणाऱ्यांवर? मी जळगावात मोटर, स्टार्टर, वायर विकणारा माणूस. शाळा सातवीत सुटली, बाकीचं शिक्षण गिऱ्हाइकांनी दिलं. तिघांवरही भरवसा ठेवून पाहिला. हाती लागले फक्त किस्से. न खपलेला माल साचतो ना, तसे साचलेत. फरक एवढाच, की तो माल कोणी फुकट नेत नाही, आणि किस्से ऐकायला माणसं वर चहाही मागतात!

सगळे एकाच माणसाभोवतीचे. भास्कर त्याचं नाव. धुळ्याकडच्या खेड्यातला इंजिनियर, पुण्याला चांगली नोकरी. सुट्टीत आला की माझ्या दुकानात स्टूल ओढून बसायचा. ती चांगली नोकरी त्याच स्टुलावर गेली.

* * *

त्याचं असं झालं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमच्या गल्लीत फोन एकट्या माझ्या दुकानात, म्हणून सावद्याचे एक केळीवाले आबा जळगावला आले की माझ्याकडूनच दिल्लीचा ट्रंक कॉल लावायचे. माल रेल्वेनं निघालेला, भाव विचारायचा होता. आबांनी साधा कॉल बुक केला. मग 'अर्जंट' केला. शेवटी 'लाइटनिंग' केला, म्हणजे विजेच्या वेगानं लागणारा!

आबा बसले. जेवून आले. मुक्कामाला भाच्याकडं गेले, पुन्हा येऊन बसले. अखेर कॉल लागला तर तिकडून अडत्या ओरडला, "आबाजी, माल तो बिक भी गया!"

आबांनी शांतपणे रिसीव्हर ठेवला. "नाना," मला म्हणाले, "केळी पोचली, विकली, लोकांनी खाल्ली बी. वीज अजून रस्त्यातच हाये!"

आम्ही हसलो. भास्कर हसला नाही. म्हणाला, "नाना, प्रत्येक गावात छोटं एक्स्चेंज असलं तर? कपाटाएवढं?"

"आणि ते ठेवशील कुठं? एक्स्चेंजला एसी लागतो. इथं कलेक्टरला पंखा नीट मिळत नाही!"

"एसी लागणारच नाही असं बनवायचं."

झालं! नोकरी सोडली, औद्योगिक वसाहतीत शेड घेतली, आणि मला भागीदार करून घेतलं. मशीन खरंच बनलं, बरं का. अडचण एकच होती. या मालाला देशभरात गिऱ्हाईकही एकच: टेलिफोनचं खातं. दिल्लीची मंजुरी आली तर आमचा कारखाना, नाही आली तर गोडाऊन!

* * *

मशीन तपासणीसाठी दिल्लीला पाठवलं. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. भास्कर स्वतः गेला. लॅबमध्ये मशीन जसं पाठवलं तसं खोक्यात.

"टेस्ट नहीं हो पाया," साहेब म्हणाले. "लैब का एसी ख़राब था."

"सर, या मशीनला एसी लागतच नाही. तेच तर तपासायचंय!"

"मशीन को नहीं लगता होगा," साहेब म्हणाले, "हमको लगता है!"

* * *

मग ठरलं, की कमिटीच जळगावला येईल. आली, ती नेमकी वांग्याच्या भरताच्या मोसमात. आता खान्देशात हिवाळ्यात पाहुणा आला आणि त्याला भरीत-पुरी घातली नाही, तर माणूस गावात तोंड दाखवू शकत नाही. आमच्या कामगारांनी सकाळीच वांगी आणली, कपाशीच्या वाळक्या काड्या आणल्या. शेडमागच्या मोकळ्या शेतात जागा झाडून ठेवली.

भास्करनंही त्याच शेतात एक फोन ठेवला होता. शेडमधल्या मशीनपासून तिथपर्यंत वायर जमिनीवरून नेलेली. कमिटीचे अध्यक्ष शेतात खुर्चीवर बसून शेडमधल्या सहकाऱ्याशी बोलू लागले. आवाज खणखणीत! अध्यक्ष खूश, भास्कर खूश, मी तर मनातल्या मनात पेढे वाटून मोकळा झालो.

आणि लाइन मेली.

भास्कर पळाला. मशीन ठणठणीत. सेट ठणठणीत. मग वायरीच्या कडेकडेनं शेतात आला, तर आमच्या लोकांनी झाडलेल्या जागेवर जाळ पेटवलेला, वर वांगी रचलेली, आणि खालून वायर गेलेली!

"अरे, वायर दिसली नाही तुम्हाला?"

"दिसली ना साहेब. पण जागा साफ तेवढीच होती!"

कमिटी पोटभर जेवली. महिन्यानं रिपोर्ट आला: उपकरण समाधानकारक, वायरिंगबाबत शंका, फेरतपासणी करावी. भरताबद्दल रिपोर्टात काही नव्हतं, पण अध्यक्षांनी पुढं दोन हिवाळे स्वतःहून चौकशी केली, "फेरतपासणी कब रखें?"

* * *

त्यानंतर जे झालं ते फक्त सरकारच करू शकतं. दिल्लीत नवीन वारं होतं, ज्याच्या त्याच्या तोंडी टेक्नॉलॉजी. कोणीतरी विचारलं, खेड्यातल्या टेलिफोनमधलं कळणारा माणूस कोण? खात्यानं भास्करचं नाव दिलं, आणि तो धोरण सल्लागार झाला! ज्याचं मशीन घेत नव्हते, त्याचा सल्ला घेऊ लागले. मशीनला जागा लागते, सल्ला फायलीत मावतो.

मला वाटलं, सुटलो! आता मंजुरी काय, हातभर अंतरावर. आणि तसंच झालं. आमच्या मशीनची फाइल खालून वर फिरत फिरत 'तांत्रिक सल्लागारांचा अभिप्राय घ्यावा' म्हणून खुद्द भास्करच्याच टेबलावर आली!

या पठ्ठ्यानं तिच्यावर काय लिहावं? 'या उपकरणात माझा आर्थिक संबंध आहे. मी मत देऊ शकत नाही.' आणि खात्यात दुसऱ्या कोणाला त्यातलं कळत नव्हतं, म्हणून फाइल तिथंच झोपली.

मी त्याला ट्रंक कॉल लावला. लागला!

"भाश्या, हेच मशीन दुसऱ्याचं असतं तर?"

"एका दिवसात पास केलं असतं, नाना. उत्तम मशीन आहे."

"मग?"

"माझं आहे ना!"

इकडं शेडमध्ये आमची माणसं टीव्हीच्या स्टॅबिलायझरच्या कॉइली गुंडाळून दिवस काढत होती. शेडच्या मालकानं दुसरा भाडेकरू बघायला सुरुवात केली होती. सरकारला प्रामाणिक सल्लागार मिळाला, याचा मला किती आनंद झाला, काय सांगू!

* * *

त्याच दिवसांत भास्कर जळगावला आला आणि नेमका माझ्या दुकानाचा फोन बंद. हा स्वतः लाइनमनला शोधायला निघाला. चौकात खांबावर सापडला. खालून भास्करनं ओळख सांगितली: दिल्ली, धोरण समिती, सल्लागार.

लाइनमननं वरूनच नमस्कार केला. "बरं झालं साहेब भेटले! तेवढी शिडी धरा. ती नवीन द्यायची का, याचं धोरण तुमच्या दिल्लीतच अडकलंय!"

भास्करनं शिडी धरली. सबंध कारकिर्दीत सरकारला त्याचा तेवढाच थेट उपयोग झाला, असं मी म्हणतो. तो चिडतो.

* * *

आता शेवटचा. नव्वदच्या दशकात नवे मंत्री आले. त्यांनी फाइल पाहिली आणि म्हणाले, कमिट्या पुरे. मशीन एखाद्या गावात बसवा, मी इथून फोन करतो. बोलणं झालं तर सही, नाही तर फाइल कायमची बंद!

खात्यानं गाव निवडलं ते भास्करचंच. फजिती व्हायची तर घरच्या लोकांसमोर व्हावी, एवढा विचार खातं करतं. महिना मे. मशीन ग्रामपंचायतीच्या पत्र्याच्या खोलीत. फोन सरपंचाच्या घरी ठेवावा, तर विरोधी पार्टी कुऱ्हाडी काढणार. त्यांच्याकडं ठेवावा, तर सरपंच. दोघांना चालेल असं घर एकच: भास्करच्या आईचं. तिला गाव अक्का म्हणायचं.

भास्कर दिल्लीत मंत्र्यांच्या खोलीत. इकडं अक्काच्या ओसरीवर मी आणि खात्याचा एक इन्स्पेक्टर. नियम भास्करनंच घातलेला: कंपनीच्या माणसानं रिसीव्हरला हात लावायचा नाही. इन्स्पेक्टर माझ्या हातांवर नजर ठेवून बसला. बाहेर गाव गोळा झालेलं.

सांजेला घंटी वाजली! अक्कानं रिसीव्हर उचलला, ऐकलं, माझ्याकडं वळली.

"काय म्हनस हाऊ?"

मी कान जवळ नेला. मंत्र्यांचा पीए होता. "अक्का, तो म्हणतो थांबा. मंत्री कामात आहेत."

"मी बी कामात शे," अक्का म्हणाली. "म्हैसनं दूध काढानं शे."

आणि रिसीव्हर खिडकीत ठेवून बाई चालती झाली!

"अक्का! अहो अक्का!" मी उठलो. इन्स्पेक्टरनं मला हात धरून खाली बसवलं. खिडकीतून बारीक आवाज येऊ लागला: "हॅलो? हॅलो?" मंत्री लाइनवर आले होते. मी घामानं निथळत रिसीव्हरकडं बघत राहिलो. आमची शेड, भास्करची इतकी वर्षं, कामगारांची घरं, सगळं त्या खिडकीत आडवं पडलेलं. आणि खिडकीच्या पलीकडंच गोठा.

तेवढ्यात म्हैस हंबरली. चांगली लांब, पोटातून!

दिल्लीतला भाग भास्करनं नंतर सांगितला. मंत्र्यांनी रिसीव्हर कानापासून लांब धरला. सेक्रेटरींचा चेहरा पडला. "सर, लाइन में कुछ डिस्टर्बन्स..."

"डिस्टर्बन्स?" मंत्री म्हणाले. "गाँव का आदमी हूँ मैं. भैंस है, और दूध देनेवाली है. इतना साफ़ तो मुझे बाजूवाले कमरे का नहीं सुनाई देता!" आणि फाइल पुढं ओढली.

इकडं अक्का बादली घेऊन आली. पदराला हात पुसले, रिसीव्हर उचलला आणि म्हणाली, "हां, बोला आते. व्हयनं का तुमनं काम?"

तिकडून आवाज आला तो ओसरीभर ऐकू गेला: "हो गया माताजी, हो गया!"

हा किस्सा तुम्ही पुढं कुठंतरी सांगणारच. सांगा. पण जमाखर्च खरा मांडा, भाऊ. मशीन भास्करच्या नावावर, दूध अक्काच्या नावावर. माझ्या नावावर काही टाकू नका, मी नुसता बसलो होतो. आणि मंजुरी, जी हंबरली तिच्याच खात्यावर इमानानं लिहा.